बेचाळिसावं बटण

लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात मी सासूबाईंच्या डब्यातलं एक बटण चोरलं. 'चोरलं' हा शब्द त्यांचा. माझ्या मते मी ते फक्त घेतलं होतं. नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाचं वरून तिसरं बटण तुटलं होतं, त्याच्या ऑफिसात मोठे साहेब तपासणीला यायचे होते, आणि शिवणयंत्राच्या वरच्या फळीवर पत्र्याच्या गोल डब्यात बटणं होती. घरात बटणांचा डबा असला की तो बटणं लावायला असतो, एवढ्या साध्या समजुतीने मी त्या घरात आले होते. मिळतंजुळतं चार भोकांचं पांढरं बटण शोधलं, घट्ट लावलं, दोरा दातांनी तोडला आणि स्वतःवरच खूश होत नवऱ्याला रवाना केलं.

त्या आठवड्यात सासूबाईंची दुपारची पाळी होती, त्यामुळे त्या जरा उशिरा उठल्या. आंघोळ झाल्यावर त्यांनी डबा काढला, खिडकीपाशी टेबलावर जुना टॉवेल अंथरला आणि बटणं त्यावर ओतली. हे मी रोजच पाहत होते, पण पाहुण्यासारखं, लांबून. एकेक बटण उचलायचं, ओठ हलवायचे, उजवीकडचं डावीकडे ठेवायचं. त्या दिवशी शेवटी त्यांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा मोजली. टॉवेल झटकला. टेबलाखाली वाकून पाहिलं.

"एक माणूस कमी आहे," त्या म्हणाल्या.

कोणीतरी जेवायला यायचं राहिलं की काय, असं वाटून मी विचारलं, "कोण?"

"शिक्षिका. पांढरी, चार भोकांची."

उलगडा झाला तेव्हा माझे कान तापले. मी सगळं सांगून टाकलं. त्या ओरडल्या नाहीत. चपला घातल्या, पिशवीत कात्री टाकली आणि दाराकडे निघाल्या.

"आई, संध्याकाळी येतीलच की ते घरी," मी म्हणाले.

"आणि तोवर त्या बाईने ताटकळत बसायचं?"

पुढचं मला नवऱ्याकडून कळलं. तो बांधकामाच्या ऑफिसात नकाशे काढायचा. मोठे साहेब त्याच्या टेबलावर वाकून एका जिन्याची मापं विचारत असताना सासूबाई आत गेल्या. "साहेब, दोनच मिनिटं," असं म्हणून त्यांनी मुलाला हुकूम सोडला, "छाती पुढे कर." आणि कच्चकन बटण कापलं. साहेबांनी चष्मा वर केला. "काही विशेष?"

"विशेष काही नाही, साहेब. माझं एक माणूस याच्या अंगावर राहिलं होतं."

उरलेली तपासणी नवऱ्याने फाइल छातीशी धरून पार पाडली. ऑफिसात त्याला 'कात्री' हे नाव पडलं, ते निवृत्त होईपर्यंत चिकटून राहिलं. सासूबाई अकराच्या सुमारास घरी आल्या, टेबलाशी बसल्या, त्या एका बटणाचं राहिलेलं काम केलं आणि जेवून कामावर गेल्या.

हे काम काय होतं ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

सासूबाई एकतिसाव्या वर्षी विधवा झाल्या. पदरात सात वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी. सासरे ज्या इस्पितळात अकरा दिवस आजारी होते, त्याच इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांना शिवणकामाची नोकरी मिळाली. धुलाईखाना तळघरात होता. एका टोकाला कपडे घुसळणारी मोठी पिंपं, मध्ये वाळवायची गरम खोली, आणि दुसऱ्या टोकाला एका उंच खिडकीखाली सासूबाईंचं मशीन. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसत. चादरी, अभ्रे, पडदे हे मुख्य काम. शिवाय रुग्णांचे स्वतःचे कपडे धुवायला यायचे, ते फाटलेले असले तर सांधायचे. सगळे त्यांना टाकेबाई म्हणत. वरच्या मजल्यावर डॉक्टर माणसांना टाके घालतात आणि खाली मी त्यांच्या विजारींना, असं त्या स्वतःच सांगत.

कपड्यांच्या गाठोड्यांवर नाव नसायचं, फक्त खाटेचा नंबर. पण वरून गाठोडी घेऊन येणारी आया बोलकी होती. "सतरा नंबर. रिक्षा उलटली, पाय गेला." "नऊ नंबर. लग्नाला तीन महिने झालेत, नवरा फिरकतसुद्धा नाही." पिंपात कपडे घुसळताना बटणं तुटत. पिंपं चालवणारा ती दिवसाच्या शेवटी पिंपाच्या तळातून वेचून सासूबाईंच्या टेबलावर आणून ठेवायचा. ज्याचं त्याला लावून देणं हे त्यांचं काम. बहुतेक वेळा जमायचं. कधीकधी मात्र बटण हातात असायचं आणि त्याचा मालक घरी गेलेला असायचा, किंवा जायचा तिथे गेलेला असायचा. अशा बटणांपैकी एखादं त्या पदराच्या टोकाला बांधून घरी आणत. आणलं की त्या माणसाला शब्द दिला. रोज, न चुकता, त्याच्यासाठी देवाजवळ मागायचं. सुटका नाही.

"सगळ्यांचीच का नाही आणत?" मी एकदा विचारलं.

"सगळ्यांना घेतलं म्हणजे कोणालाच घेतलं नाही, असं होतं."

मी कॉलेजात शिकलेली, त्यामुळे डोक्यात किडे वळवळायचेच. "पण आई, यांतले निम्मे तरी आता नसतील."

"मला कुठे कोणी कळवतंय?"

"मग गेलेल्यांसाठी मागून काय उपयोग?"

"वाया जातं, असं तुला कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या. "आणि गेलं वाया, तर माझंच गेलं ना. तुझं दूध उतू चाललंय ते बघ."

देवाशी त्यांचं वागणं मोठं रोखठोक होतं. देव म्हणजे खिडकीपलीकडे बसलेला, कामाने गांजलेला कारकून, आणि आपण पाठपुरावा करणारे, असं काहीतरी. "एकदा अर्ज टाकून भागत नाही," त्या म्हणायच्या. "रोज जाऊन तोंड दाखवावं लागतं. आपण गेलो नाही की त्याला वाटतं, यांचं काम झालेलं दिसतंय." स्वतःसाठी त्यांनी काही मागितलेलं मी ऐकलं नाही. गुडघे धरले, एक दात ठणकला, मुलगी दूरच्या गावी दिली तेव्हा तीन दिवस जेवल्या नाहीत; पण यांतलं काही टेबलावर आलं नाही. घरच्या कोणाचं बटण डब्यात नव्हतं. "तुम्ही समोर आहात," त्या म्हणत. "तुम्हाला मी तोंडावर बोलते ते पुरे आहे."

एवढं सगळं कशासाठी, याचं उत्तर त्यांनी एकदाच दिलं. सासरे आजारी होते तेव्हा शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांना भेटायला कोणी येत नसे. सासूबाई एकदा त्यांच्या तांब्यात पाणी भरायला गेल्या, तेव्हा ते म्हणाले, "बाई, मी तुमच्यासाठी रोज मागीन." सासूबाईंनी विचारलं, "रोज?" ते म्हणाले, "रोज." चार दिवसांनी सासरे गेले. त्या गडबडीत म्हाताऱ्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

"म्हणजे त्यांच्या मागण्याने काही झालं नाही," मी म्हणाले.

"मी राहिले ना उभी," त्या म्हणाल्या. "ती कशी राहिले, ते तुला माहीत नाही."

ते गृहस्थ अजूनही शब्द पाळत आहेत, अशी त्यांची खात्री होती. नवरा चेष्टा करायचा, "आई, ते आता एकशे तीस वर्षांचे असतील."

"मग सवयीने करत असतील."

अठ्ठावन्नाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या तेव्हा डब्यात एकेचाळीस बटणं होती. त्यानंतर वाढली नाहीत. आता हाताखालून कपडे जात नाहीत, तर उगाच रस्त्यावरचं कोणी उचलून आणायचं नाही, असा त्यांचा नियम. सकाळचा क्रम बदलला नाही. मी स्वयंपाकघरात चहा-न्याहारीचं बघायची आणि टेबलाकडून त्यांचं पुटपुटणं ऐकू यायचं. बेकरीतला, भट्टीसमोर चक्कर येऊन पडलेला. जुळ्यांपैकी एकच घरी नेलेली बाई. पोस्टमन, कुत्रा चावलेला. मी कधी पाठ करायला बसले नव्हते, पण तीस वर्षं कानावर पडलं की दगडालाही पाठ होईल. देवाचं आणि माझं तसं कॉलेजातच बिनसलं होतं. डब्यातली माणसं मात्र मला माझ्या मावश्या-आत्यांपेक्षा जास्त पाठ होती.

वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी त्या विसरायला लागल्या. आधी किल्ल्या, मग वार, मग जेवण झालंय की व्हायचंय. याचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही. पण एका सकाळी काळं कोटाचं बटण त्यांनी उलटसुलट करून पाहिलं, आणि मग स्वयंपाकघराच्या दिशेने वळून म्हणाल्या, "अगं, हे कोण?"

"कंडक्टर," मी आतूनच ओरडले. "छातीत कळ आलेला."

"हां." बटण डावीकडे गेलं.

मी वहीत लिहून ठेवायचं म्हटलं तर त्यांना पटलं नाही. वाचून दाखवणं म्हणजे आठवणं नव्हे, म्हणाल्या. मग असंच सुरू झालं. त्या विचारायच्या, मी सांगायची. वर्षभरात निम्म्याहून जास्त बटणं माझ्याकडून वदवून घ्यावी लागत होती. पण एकेचाळीस पुरी होत होती, आणि त्यांना तेवढंच हवं होतं. शब्द दिलाय तो शेवटपर्यंत पुरा व्हायला हवा, बाकी डोकं कुठे जायचं तिथे जाऊ दे.

आणि एक दिवस निळं बटण आलं. दोन भोकांचं, एका बाजूने कड चावल्यासारखी. "हे कोण?"

माझ्या डोक्यात काहीच उमटेना. मी हात पुसत बाहेर आले, बटण उजेडात धरलं. पाटी कोरी. "आठवेल आई, पुढचं घ्या तोवर."

त्या पुढचं घेईनात. चहा गार झाला, मी दुसरा केला, तोही गार झाला. साडेदहा वाजले. बटण त्यांनी गालाला लावून पाहिलं, मुठीत धरून पाहिलं.

"आई, दोन घास तरी खा."

"ज्याला शब्द दिला तोच आठवत नाही, आणि मी टोस्ट चावत बसू?" त्यांचा आवाज चिरकला. "मोडला गं माझा शब्द."

मी म्हणाले, "अहो, ट्रकवाला! गुडघ्याचा त्रास होता तो!"

कुठून सुचलं देव जाणे. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "हो हो, ट्रकवाला. तोच." ओठ हलले, बटण डावीकडे गेलं, पाठोपाठ बाकीची गेली. मग त्यांनी दोन टोस्ट आणि एक अंडं खाल्लं. मी ओट्याशी उभी राहून स्वतःला सांगितलं की पोटात अन्न गेलं, हेच महत्त्वाचं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या बटणाबद्दल मला विचारलंच नाही. बाकीचं सगळं निसटत होतं, आणि ट्रकवाला मात्र पक्का बसला होता. रोज सकाळी त्याच्या गुडघ्यासाठी मागणं व्हायचं, आणि रोज सकाळी मी नळ मोठा सोडायची.

पाच महिने असे गेले. मग नणंद आठवडाभर राहायला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईशेजारी वाटाणे सोलत बसली होती. निळं बटण आलं, गुडघ्याचा विषय निघाला, आणि नणंद हसली.

"ट्रकवाला कुठला, आई? ही खानावळीतली स्वयंपाकीण. निळा झगा, दोन्ही हात भाजलेले. मी शाळेतून तुझ्याकडे आले होते ना त्या दिवशी, तूच दाखवलंस मला."

सासूबाईंनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोकं कितीही धूसर झालेलं असलं तरी ती नजर धुलाईखान्यातली होती. एका चादरीला दोनदा ठिगळ लागलेलं असलं तर त्यांना ते लांबून कळायचं.

गोंधळ झाला, असं म्हणून निभावलं असतं. नणंदेने माझी बाजूही घेतली असती. पण माझी जीभ वळेना. "मीच बनवला तो, आई," मी म्हणाले. "तुम्ही जेवत नव्हतात म्हणून."

नणंद वाटाण्यांचं ताट उचलून आत गेली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

"पाच महिने ती बाई नुसती बसून राहिली," सासूबाई म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी डावीकडची सगळी बटणं परत उजवीकडे ओढली. "पहिल्यापासून. हे?"

"बेकरीवाला."

"खरं?"

"खरं."

"हे?"

"पोस्टमन."

"खरं?"

एकेचाळीस वेळा. मध्ये एका राखाडी बटणापाशी मी अडले. इतके दिवस मी तिथे अंदाजाने 'सुतार' म्हणत होते, पण नक्की खात्री नव्हती. "हे मला माहीत नाही, आई," मी म्हणाले. आतून नणंदेनेही माहीत नसल्याचं सांगितलं. मला वाटलं, झालं, आता परत उपास.

सासूबाईंनी राखाडी बटण उचललं, छताकडे पाहून म्हणाल्या, "हे कोण ते तुला ठाऊक आहे, तूच बघ," आणि डावीकडे ठेवलं. मग मला म्हणाल्या, "एवढंच सांगायचं असतं. माहीत नाही म्हणायला काय होतं?"

स्वयंपाकिणीला त्यांनी त्या दिवशी बराच वेळ दिला. मागची थकबाकी होती. सगळं झाल्यावर डबा बंद करता करता त्या थांबल्या. "आता ट्रकवाल्याचं काय करायचं?"

"आई, तो नाहीच आहे."

"नाही कसा? पाच महिने मागतेय मी त्याच्यासाठी. जगात गुडघे दुखणाऱ्या ट्रकवाल्यांचा तुटवडा पडलाय का? कोणालातरी पोचतच असेल. आता मध्येच थांबले तर त्याने काय समजायचं?" त्यांनी हात पुढे केला. "कात्री आण."

मी कात्री दिली. त्यांनी माझ्या स्वेटरची कड धरून मला जवळ ओढलं. "तुझा माणूस आहे, बटण तुझं," म्हणाल्या, आणि खालून दुसरं तपकिरी बटण कच्चकन कापलं. दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोटभर हसून घेतलं. निवृत्तीनंतर अठ्ठावीस वर्षांनी डब्यात भर पडली. बेचाळीस.

पुढे त्या दीड वर्ष होत्या. मला कधी आया समजत, कधी मुलगी. सून आहे हे ध्यानात असेल तेव्हा भाजीत मीठ कमी असायचं. एकाही बटणाची ओळख त्यांना राहिली नव्हती. पण प्रत्येक उत्तरावर "खरं?" विचारायचं मात्र कधी सुटलं नाही, आणि मी एकदाही चुकीचं सांगितलं नाही. राखाडी आलं की "माहीत नाही" म्हणायची, आणि त्या ते वर सोपवून मोकळ्या व्हायच्या.

सत्त्याऐंशी पूर्ण झाली त्याच्या पुढच्या महिन्यातली सकाळ. नवरा दात दाखवायला गेला होता. मी दूध तापवत होते. टेबलाकडून "हे?" आलं आणि त्यांनी वर धरलेलं बटण मला दारातून दिसलं.

"बारकं पिवळं. बालवाडीतली, काविळीची," मी म्हणाले.

"खरं?" आलं नाही.

मी वाट पाहिली. दूध वर आलं. मी गॅस बंद करून बाहेर आले. त्या खुर्चीत मागे टेकून बसल्या होत्या, मान खिडकीकडे कललेली, हात टॉवेलवर. मी हाक मारली, नाकापाशी हात धरला, मनगट धरून बसले. शेजारच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली, त्या घरातल्याच कपड्यांत धावत आल्या, त्यांनीही तपासलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. मग कागद आणायला घरी गेल्या. त्यांना यायला दहा मिनिटं लागली.

पिवळं बटण अजून त्यांच्या चिमटीत होतं. डावीकडे सव्वीस होती. उजवीकडे, हातातलं धरून, सोळा.

मी नवऱ्याला आधी फोन करायला हवा होता. पण मी समोरची खुर्ची ओढून बसले. त्यांच्या बोटांतून बटण सोडवलं. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. मी फक्त कोण ते सांगत गेले, नीट, मोठ्याने, कारण त्या दिवशी पुटपुटायला त्या नव्हत्या. बालवाडीतली, काविळीची. कंडक्टर, छातीत कळ आलेला. नऊ नंबरची, तीन महिन्यांची नवरी. एकेक डावीकडे. राखाडी आलं तेव्हा तूच बघ म्हणाले, आणि कोणाला म्हणाले याचा विचार करत बसले नाही. सर्वांत शेवटी माझ्या स्वेटरचं तपकिरी. गुडघ्याचं सांगितलं.

मग डब्याचं झाकण लावलं आणि दाताच्या दवाखान्यात फोन केला. नवऱ्याला सांगितलं. मागे कुठेतरी यंत्राचा घर्रर्र आवाज चालला होता.

"बटणं झाली होती तिची?" त्याने विचारलं.

"झाली."

"सगळी?"

"सगळी. बेचाळीस."

तो म्हणाला, "खरं?"

"खरं," मी म्हणाले.